सत्यभामाबाई ३० बाइटांत मावत नाहीत : एका सपोर्ट इंजिनिअरचं प्रकरण

ज्या मुलीबद्दल लिहितोय तिचं नाव इथे देत नाही. तिला विचारूनच लिहितोय. "लिहा सर, पण नाव नको," एवढीच तिची अट आहे. मी पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. सहकारी पतसंस्थांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो : खाती, ठेवी, कर्जं, पासबुक. ऑगस्ट २०२३ मध्ये ती आमच्याकडे प्रॉडक्शन सपोर्टला, म्हणजे चालू प्रणालीतल्या अडचणी निस्तरायच्या कामाला लागली आणि मार्च २०२४ मध्ये एक तिकीट, म्हणजे अडचणीची नोंद, तिच्या हाती आलं. ते तिकीट, त्याच्या आधीचं तिचं शिक्षण आणि नंतरचे काही महिने असं हे सगळं प्रकरण आहे. फ्रेशर घेताना आपण काय बघतो आणि काय बघायचं राहून जातं, हे मला या एका प्रकरणातून जितकं कळलं तितकं आधीच्या बारा वर्षांत कळलं नव्हतं.

तिकीट

पतसंस्थांच्या शाखांकडे खातेदारांची मराठी नावं जुन्या फाँटमध्ये साठवलेली होती. तो डेटा युनिकोड या सगळ्या लिपींसाठीच्या प्रमाण संकेतप्रणालीत बदलून रोज रात्री एकेक शाखा नव्या प्रणालीत ओढायचं काम चालू होतं. ज्या ओळी आत जात नाहीत त्या रिजेक्ट फाइलमध्ये पडतात. सकाळच्या पाळीतल्या सपोर्टवाल्याने ती फाइल उघडायची, कारण बघायचं आणि शाखेला मेल टाकायचा.

त्या दिवशी एका शाखेची १७ खाती नाकारली गेली होती. कारण सगळीकडे एकच, ओरॅकल या आमच्या डेटाबेसची ओआरए-१२८९९ ही चूक : कॉलमच्या, म्हणजे रकान्याच्या, मानाने मजकूर मोठा आहे. आमच्या रनबुकमध्ये, म्हणजे कुठल्या चुकीला काय करायचं त्या पुस्तिकेत, या चुकीवरचा उपाय तीन वर्षांपासून लिहिलेला होता. 'डेटाची चूक. शाखेला नाव आटोपशीर करून पुन्हा पाठवायला सांगावं.' तिच्या आधीच्या सगळ्यांनी तेच केलं होतं. शाखेतला कारकून नावाची काटछाट करायचा, दुसऱ्या रात्री ओळ आत जायची, तिकीट बंद व्हायचं.

मार्चअखेर तोंडावर होती. पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरवर काम केलेल्या कुणालाही मार्च म्हणजे काय ते सांगायला नको. ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "सर, नावं एवढी मोठी नाहीयेत. कॉलम ३० चा आहे."

मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणालो, "रनबुकप्रमाणे कर आणि बंद कर. एप्रिलमध्ये बघू."

"बंद करते सर. पण बघू ना नंतर?"

"हो, हो."

तिने तिकीट बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी आलो तेव्हा ती माझ्या टेबलापाशी उभी होती. हातात दोनशे पानी वही.

वही

वहीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं जे काही आहे ते त्या दोन पानांवर आहे.

डाव्या पानावर तिने नावं लिहिली होती, एका ओळीत एक. प्रत्येक नावापुढे तीन आकडे. पहिल्या ओळीत सत्यभामाबाई, पुढे ६, ११, ३३. पहिला आकडा डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांचा : स, त्य, भा, मा, बा, ई. दुसरा आकडा ते नाव सुटं करून मोजल्यावरचा. स, त, मग पाय मोडायचं चिन्ह, मग य, भ, काना, म, काना, ब, काना, ई. ही झाली अकरा चिन्हं. आणि तिसरा आकडा डेटाबेसने चुकीच्या संदेशात स्वतःच दिलेला : प्रत्यक्ष ३३, कमाल ३०.

खाली चंद्रभागाबाई : ६, १२, ३६. अन्नपूर्णाबाई : ६, १३, ३९. विश्वनाथराव : ६, ११, ३३. त्र्यंबकराव : ५, ११, ३३. या शेवटच्या नावाखाली तिने दोन रेघा ओढल्या होत्या. पाच अक्षरांचं नाव ३० च्या रकान्यात मावत नाही, हे तिला रात्रभर खटकत होतं.

"सर, आधी मला वाटलं एका चिन्हाला दोन-दोन बाइट असतील," ती म्हणाली. (बाइट म्हणजे संगणकातल्या साठवणीचं छोटं माप.) "डिप्लोमाला व्हायवात विचारायचे ना, सी मध्ये कॅरेक्टर एक बाइटचा, जावात दोन बाइटचा. मग अकरा दुणे बावीस. बावीस तर ३० मध्ये बसायला पाहिजे. म्हणून मी लॉगमधले सगळे आकडे लिहून काढले. ३३, ३६, ३९, ३३. सगळ्यांना तीनने भाग जातो."

हे वाक्य मला अजून आठवतं. तिला यूटीएफ-८, म्हणजे युनिकोडचा मजकूर बाइटांत साठवायची पद्धत, माहीत नव्हती. म्हणजे नाव ऐकलेलं होतं, पण आत काय चालतं ते माहीत नव्हतं. चुकीच्या संदेशातल्या आकड्यांवरून मागे जात तिने काढलं की देवनागरीचं प्रत्येक चिन्ह इथे तीन बाइट खातंय. मग घरी जाऊन वाचलं. १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी आखलेल्या यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना असो, वेलांटी असो, अनुस्वार असो किंवा जोडाक्षरातलं पाय मोडायचं चिन्ह असो. आमचा कॉलम ३० चा, आणि ओरॅकलमध्ये मुद्दाम वेगळं सांगितलं नाही तर ते ३० म्हणजे अक्षरं नसतात, बाइट असतात. म्हणजे आमच्या प्रणालीत मराठी नावाला खरी जागा दहा चिन्हांची होती.

उजव्या पानावर तिने आणखी एक गोष्ट केली होती, आणि माझ्या मते इंजिनिअर तिथे दिसतो. आपला अंदाज चुकीचा ठरवायचा तिने प्रयत्न केला होता. अंदाज खरा असेल तर बरोबर दहा चिन्हांचं नाव आत गेलं पाहिजे. द्वारकाबाई : ५, १०, ३०. ज्ञानेश्वर : ४, १०, ३०. दोन्ही नावं तिने चाचणीच्या सर्व्हरवर टाकून बघितली. दोन्ही गेली. सत्यभामाबाई अडल्या. मग तिने मागच्या ९० दिवसांच्या सगळ्या रिजेक्ट फाइली उघडल्या आणि या चुकीखाली दहा किंवा त्याहून कमी चिन्हांचं एक तरी नाव सापडतं का ते शोधलं. एकही नव्हतं.

दोन वाक्यं तिने तळाशी मराठीतच लिहिली होती. 'जोडाक्षरं जास्त असलेली नावं अडतात. बाई आणि राव लागलेली म्हाताऱ्या माणसांची नावं सगळ्यात जास्त अडतात.'

ती वही बघेपर्यंत मला त्या १७ खात्यांमध्ये १७ माणसं दिसली नव्हती. ज्यांना आपण आटोपशीर व्हायला सांगत होतो त्या बहुतेक साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायका होत्या. पासबुकावर अन्नपूर्णा, आधारवर अन्नपूर्णाबाई. ठेव मोडायला आल्यावर काउंटरवर त्यांना काय ऐकावं लागत असेल, ते ज्याने आईला किंवा आजीला घेऊन बँकेत चकरा मारल्यात त्याला ठाऊक आहे.

असं झालं कसं

दोष कुणा एकाचा नव्हता. जुन्या फाँटच्या काळात मराठी मजकुराचा प्रत्येक तुकडा एका बाइटात बसायचा. इस्की ही भारतीय प्रमाण संकेतप्रणालीही तशीच, एका चिन्हाला एक बाइट. त्या हिशेबात अन्नपूर्णाबाई १३ बाइटांत आरामात मावत होत्या आणि ३० हे माप ऐसपैस होतं. युनिकोडवर जाताना नवे तक्ते केले, आणि माप जुन्या तक्त्यावरून जसंच्या तसं उचललं. मी त्या टीममध्ये होतो. माझ्याही डोळ्याखालून ते गेलं.

मग आयातीच्या प्रोग्राममध्ये आधी तपासणी नव्हती का? होती. जावाच्या बाजूला नावाची लांबी तपासली जायची. पण जावा देवनागरीचं एक चिन्ह एकच मोजतो, म्हणून त्याला सत्यभामाबाई ११ दिसायच्या आणि तो पुढे सोडायचा. मग डेटाबेस ३३ मोजून दारातून परत पाठवायचा. एकाच नावाची दोन मापं, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. अशा चुका वर्षानुवर्षं टिकतात, कारण कुठलाही एक भाग तपासला तर तो निर्दोष निघतो.

ती कुठून आली

धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यातलं गाव. तो भाग खव्यासाठी ओळखला जातो, तिच्या घरची खव्याची भट्टी आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. २०१७ ला दहावी होऊन तिने शासकीय तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला प्रवेश घेतला. तिथे पहिल्याच दिवसापासून सगळं इंग्रजीत. पहिलं वर्ष मॅन्युअलमधली वाक्यं पाठ करून काढलं, असं ती सांगते.

डिप्लोमाबद्दल आपल्याकडे, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांत, उगाच एक कमीपणाची भावना आहे. बारावी करून सीईटी देऊन आलेला तो खरा, आणि डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला तो मागच्या दाराने, असं काहीसं. मला हे पटत नाही. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या त्या वेळच्या अभ्यासक्रमात तिसऱ्या सत्रातच डेटा स्ट्रक्चर, सी++ आणि डेटाबेस येतं, चौथ्या सत्रात जावा. म्हणजे सतरा वर्षांची असताना तिने पॉइंटर आणि जॉइन यांच्याशी झटापट केली होती. शिवाय लॅबमध्ये तिघांत एक संगणक, म्हणून प्रोग्राम आधी वहीत लिहायचा, कागदावर एकेक ओळ चालवून व्हेरिएबलची किंमत पुढे लिहीत जायची आणि पाळी आली की टाइप करायचा. ड्राय रन म्हणतात त्याला. तिची ती दोनशे पानी वही तिथून आलेली आहे. सोय नव्हती म्हणून लागलेली सवय तिला पुढे कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त उपयोगी पडली.

डिप्लोमाचं शेवटचं सत्र लॉकडाऊनमध्ये गेलं. पदवीचे प्रवेश लांबले. पुण्यातल्या खासगी कॉलेजात तिला दुसऱ्या वर्षाला जागा मिळाली, पण २० ऑक्टोबर २०२१ ला राज्यातली कॉलेजं उघडेपर्यंत तिने ते कॉलेज पाहिलं नव्हतं. दुसरं वर्ष गावाकडे, मोबाइलवर. रेंज भट्टीच्या मागच्या बांधावर यायची. अर्धी फी शिष्यवृत्तीतून गेली, अर्धी घरून. मुलींना पूर्ण शुल्कमाफी २०२४-२५ पासून मिळू लागली, कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या घरांसाठी. तिची पदवी त्याच्या आधी, २०२३ मध्येच संपली होती. हे लिहिताना मला हळहळ वाटते, पण तिच्या मागून येणाऱ्या मुलींसाठी बरंही वाटतं.

डायरेक्ट सेकंड इयरला येणाऱ्या मुलांचा खरा अडथळा गणिताचा असतो. पदवीच्या पहिल्या वर्षाचं एम-वन, एम-टू त्यांनी केलेलं नसतं आणि दुसऱ्या वर्षी थेट एम-थ्री समोर येतं. लाप्लास, फूरिए, सगळं एकदम. तिचा एम-थ्री राहिला. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्यांची अट असते की चालू बॅकलॉग, म्हणजे राहिलेला विषय, नको, म्हणून सुरुवातीच्या काही ड्राइव्हमध्ये तिला बसताच आलं नाही. विषय सुटल्यावर २०२२ च्या अखेरीस एका मोठ्या कंपनीचं ऑफर लेटर मिळालं. घरी पेढे वाटले. मग २०२३ मध्ये सगळ्या क्षेत्राची भरती थंडावली आणि रुजू होण्याची तारीख पुढे पुढे जाऊ लागली. त्या वर्षी असे हजारो तरुण हातात पत्र घेऊन बसले होते. जुलैपर्यंत वाट बघून तिने आमच्याकडे अर्ज केला.

मुलाखत

तिच्या बायोडेटावर २३ कौशल्यं होती. जावा, स्प्रिंग बूट, रिअ‍ॅक्ट, पायथन, मशीन लर्निंग, ब्लॉकचेन आणि असंच पुढे. मी मोजली होती, कारण अशा याद्यांचा मला कंटाळा येतो आणि त्या मुलांचीही दया येते. यादी जितकी लांब तितकी निवड सोपी, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. मशीन लर्निंगबद्दल विचारलं तर ती अडखळली. इंग्रजीत सुरू केलेलं वाक्य अर्ध्यात सोडून गप्प बसली.

माझा एक नेहमीचा प्रश्न आहे. तू स्वतः केलेलं काहीतरी मोडलं आणि तूच दुरुस्त केलंस, असं एक सांग. मराठीत सांगितलंस तरी चालेल.

ती सरळ बसली. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी तिने वडिलांसाठी दूध संकलनाची नोंदवही संगणकावर केली होती. भट्टीला दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांचं सकाळ-संध्याकाळचं माप, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला उरलेला घन भाग), दरपत्रकावरून दर, आणि दहा दिवसांनी दुधाचा पगार. वडील वहीत हाताने करायचे त्या हिशेबाशी तिचा हिशेब जुळेना. दर माणशी काही पैशांचा फरक यायचा. वडील म्हणाले, तुझं यंत्र खोटं बोलतंय. तिने एका शेतकऱ्याच्या वीस वेळांचा हिशेब कागदावर मांडला. वडील प्रत्येक वेळचे पैसे जवळच्या पैशापर्यंत घेऊन मग बेरीज करायचे, तिचा प्रोग्राम आधी बेरीज करून शेवटी एकदाच पूर्णांकात आणायचा. "गणिताने माझं बरोबर होतं सर," ती म्हणाली, "पण शेतकऱ्याच्या कार्डावर रोजचा आकडा लिहिलेला असतो. त्याने बेरीज केली तर त्याची आणि आमची जुळायला पाहिजे. म्हणून मी वडिलांसारखं केलं."

मी तिला तिथेच घ्यायचं ठरवलं. पण सपोर्टला घेतलं, डेव्हलपमेंटला नाही. तिच्या इंग्रजीकडे आणि बॅकलॉगकडे बघून. हा माझा निर्णय होता आणि तो चुकीच्या कारणांसाठी घेतलेला होता, हे मी तिलाही नंतर सांगितलं.

सपोर्टबद्दल दोन शब्द बोललंच पाहिजे, कारण अनेक फ्रेशर तिथे लागतात आणि धास्तावलेले असतात. रात्रपाळी, पेजर, तीच ती तिकिटं. दोन वर्षं गेली की बायोडेटावर शिक्का बसतो आणि दुसरीकडे डेव्हलपर म्हणून कुणी बोलावत नाही. ही भीती खोटी नाही. मी स्वतः भरतीच्या बैठकांत 'सपोर्टवाला आहे' म्हणून बाजूला टाकलेले अर्ज पाहिलेत. पण त्याच वेळी प्रणाली खरी कुठे मोडते हे सपोर्टवाल्याला जितकं दिसतं तितकं कुणालाच दिसत नाही. तिने आठ महिन्यांत लॉग वाचायला शिकून घेतलं, एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा पक्की केली आणि रात्रीच्या कामांचा क्रम पाठ केला. कुठलंही काम उशिरा संपलं तर त्यामागे कुठलं अडकलं असेल ते ती न बघता सांगायची.

पहिली दुरुस्ती, पहिली चूक

मार्चअखेर उरकल्यावर एप्रिलमध्ये मी तिलाच ही दुरुस्ती करायला सांगितली. डेव्हलपमेंटमधल्या एकाला सोबत दिलं. गिट या कोडमधले बदल सांभाळणाऱ्या प्रणालीत कोडची वेगळी फांदी काढणं, जोडणं, युनिट टेस्ट म्हणजे कोडच्या छोट्या तुकड्यांच्या चाचण्या लिहिणं हे तिला नीट येत नव्हतं. डिप्लोमा आणि पदवी मिळून सहा वर्षांत तिच्याकडून एकदाही कुणी ते रोजच्या कामासारखं करून घेतलं नव्हतं. दोन आठवड्यांत शिकली. त्याचा बाऊ करायची गरज नाही, हे भाग शिकवून येतात.

कॉलमची लांबी बाइटऐवजी अक्षरांत धरायची आणि ६० करायची, असं ठरलं. बदल छोटा. तिने टेस्टसाठी वहीतलीच नावं घेतली. मी रिव्ह्यू केला, सही केली, बदल प्रॉडक्शनला गेला. त्या रात्री एकही नाव अडलं नाही.

तिसऱ्या दिवशी शाखेतून फोन आला. ज्यांच्या पासबुकाच्या पहिल्या पानावर नाव छापलं होतं त्या आजी काउंटरवर उभ्या होत्या. कारकून म्हणाला, "मॅडम, इथे 'सत्यभामाबा' छापून आलंय."

पासबुक छापणारा प्रोग्राम वेगळा, फार जुना. त्याला रोज एक ठरावीक लांबीची मजकूर फाइल जाते आणि तिच्यात नावाला ३० बाइटच होते. आधी ३० च्या वरचं नाव डेटाबेसमध्येच शिरत नव्हतं, म्हणून तिथे कधी काही बिघडलं नाही. आता नाव पूर्ण आत आलं आणि पुढच्या दारात कापलं गेलं. ३० ला तीनने भाग जात असल्याने काप बरोबर चिन्हाच्या सीमेवर बसत होता. कचरा छापून आला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. अन्नपूर्णाबाईंचं तर 'अन्नपूर्णा' असं सुबक छापून येत होतं, कुणाला संशयही येऊ नये असं.

ती दिवसभर कुणाशी बोलली नाही. संध्याकाळी मी तिला घेऊन चहाला गेलो. सांगितलं की रिव्ह्यूवर माझी सही आहे आणि हा कॉलम आणखी कोण वाचतं हे विचारायचं काम माझं होतं. ती म्हणाली, "पण सर, मी वही फक्त येणाऱ्या बाजूने लिहिली. जाणाऱ्या बाजूने लिहिलीच नाही."

दुसऱ्या दिवशी तिने ती बाजू लिहायला घेतली. नाव या एका कॉलममधून निघून कुठे कुठे जातं, ते तिने प्रत्येक प्रोग्राम उघडून शोधलं. चार ठिकाणं निघाली. पासबुक, लाभांशाची यादी, वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीवरची पत्त्याची लेबलं आणि एसएमएस. लेबलांत शेवटची ओळ कागदाबाहेर जाणार होती. एसएमएसचा पेच वेगळाच होता. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, मराठीत एका संदेशात ७० च, आणि तिथेही काना-मात्रा सुटी मोजली जाते. नाव लांबलं की एकाचे दोन संदेश होणार, आणि संस्थेला दुप्पट खर्च. तिने संदेशातून नाव काढून खात्याचे शेवटचे चार आकडे ठेवायचं सुचवलं. संस्थेने ते लगेच मान्य केलं.

या सगळ्यावर तिने एक टिपण लिहिलं. काय झालं, कुणाला त्रास झाला, का कळलं नाही, पुढे काय बघायचं. पहिला मसुदा इंग्रजीत होता आणि वाचवत नव्हता. मी म्हणालो, आधी मराठीत लिही. तीन तासांत तिने मराठीत जे लिहून आणलं ते मी आजवर पाहिलेल्या अशा टिपणांत सगळ्यात स्पष्ट होतं. मग दोघांनी बसून त्याचं इंग्रजी केलं. तेव्हापासून ती असंच करते, आणि आता तिच्या इंग्रजीला माझा हात लागत नाही. इंग्रजी कच्चं म्हणून विचार कच्चा, असं आपण मुलाखतीत पंधरा मिनिटांत ठरवून मोकळे होतो. मीही तेच केलं होतं.

जून २०२४ पासून ती डेव्हलपमेंटला आहे. पगार वाढला, बायोडेटाही तिने नव्याने लिहिला. २३ ऐवजी सहा कौशल्यं, आणि खाली या एका प्रकरणाचा पाच ओळींचा परिच्छेद. मोठ्या कंपनीचं रुजू होण्याचं पत्र मधल्या काळात आलं होतं. तिने ते नाकारलं, आणि का ते मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

उरलेलं काम

कॉलम मोठा झाला, फाइल दुरुस्त झाली, चारही ठिकाणं सुधारली. पण तीन वर्षांत शाखांनी आमच्या सांगण्यावरून जी नावं कापून आत घातली ती तशीच राहिली होती. मी हा विषय संपला असं धरून चाललो होतो. ऑगस्टमध्ये तिने पुन्हा काढला.

पूर्ण नावं कुठे मिळणार? शाखांतला जुना डेटा स्थलांतरानंतर काढून टाकलेला. तिने सुचवलं की रिजेक्ट फाइलीत आहेत. ज्या फाइली आम्ही सकाळी उघडून बंद करायचो, त्यांतच प्रत्येक नाकारलेलं नाव अक्षरन् अक्षर पूर्ण होतं. फक्त सर्व्हरवरची एक स्क्रिप्ट ९० दिवसांपूर्वीच्या रिजेक्ट फाइली आपोआप पुसते. ती स्क्रिप्ट काही वर्षांपूर्वी जागा वाचवायला मीच लावली होती. सुदैवाने मार्चमध्ये अंदाज तपासताना तिने तेव्हाच्या ९० दिवसांच्या फाइली आपल्याकडे उतरवून ठेवल्या होत्या, आणि तेव्हापासूनच्या जपून ठेवत होती.

तेवढ्या काळातली खाती तिने खातेक्रमांकावरून जुळवली, शाखांकडून आधारच्या प्रतीशी ताडून घेतली आणि नावं पूर्ववत केली. त्याआधीच्या अडीच-पावणेतीन वर्षांतली नावं आमच्याकडे कुठेच नाहीत. ती माणसं कोण, हेही डेटावरून ओळखता येत नाही, कारण कापलेलं नावही नावासारखंच दिसतं. म्हणून तिने शाखांसाठी एक छोटी सूचना तयार केली. साठीच्या पुढचा खातेदार कुठल्याही कामासाठी काउंटरवर आला की पासबुकावरचं नाव त्याला मोठ्याने वाचून दाखवायचं आणि विचारायचं, तुमचं पूर्ण नाव हेच ना? दर सोमवारी शाखांकडून आलेली दुरुस्त नावं ती स्वतः बघते. मागच्या सोमवारच्या यादीत नऊ नावं होती, पहिलं पुरुषोत्तमराव.